एक नाही

मार्चमध्ये, शिराकीच्या हिवाळी कुरणात,
बाबांची वाचा बसली.
तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला
मेंदूच्या डाव्या अंगाला
अक्रोडाएवढा काळा डाग,
म्हणाल्या, शब्द इथे राहायचे.

एक मागे राहिला. आरा.
आमच्या भाषेत, नाही.
पाव हवा तरी आरा. धुकं उतरलं, आरा.
ऑगस्टात मी जीपमधून हाडं खिळखिळी करून ओमालोला उतरले
तेव्हा दोन्ही हातांत माझं तोंड धरून, रडत, हसत,
आरा, आरा, आरा.

मी विद्यापीठात शिकवते.
दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते:
विचार म्हणजे मनातल्या मनात बोलणं.
मग सांगते, नकार ही तर निव्वळ भाषेची करणी.
झाड बोटानं दाखवता येतं;
झाड नाही, हे कुठल्या बोटानं दाखवाल?
मुलं उतरवून घेतात.
मागच्या बाकावरचं कुणीतरी आपल्या मांजराचं काही सांगतं,
सगळे हसतात. मीही.

त्या संध्याकाळी मेंढरं कुंपणात आली.
बाबांचे आकडेही गेलेत, म्हणून मी मोजली,
फाटकाशी उभी राहून, दोन-दोनच्या जोड्यांनी.
दोनशे बारा. पुन्हा मोजली.
दोनशे बारा. हिशेब चोख.

बोम्बोरा आत येईना.
कान कापलेली, डोळ्याशी लांडग्याची जुनी खोक.
तिच्यापुढे सातूची पेज ठेवली,
तिनं हुंगलीसुद्धा नाही.
आमच्याकडे पाठ करून फाटकात बसली
आणि उताराकडे बघत राहिली,
जिथे काहीच नव्हतं.
भुंकणं नाही, केकाटणं नाही, तोंडातून ब्र नाही.

मी म्हटलं, दमली असेल.
बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उताराकडे. मग माझ्याकडे,
आणि ढ पोराला समजवावं तसं, हळू:
आरा.
मार्चनंतर पहिल्यांदा
तो शब्द स्वतःच्या अर्थावर नीट बसला.

ती दोघं पुढे, मी कंदील घेऊन मागे.
बडबड माझीच चालली होती:
उशीर झालाय, उद्या बघू, दोनदा मोजलीत ना मी.
पुढे काहीतरी ठरत होतं.
ओढ्याशी ती थांबली, ते थांबले;
त्यांनी मान डावीकडे केली, ती उजवीकडे गेली,
आणि ते तिच्यामागून गेले.
कसं ठरलं ते सांगता येत नाही.
सांगता येत नाही म्हणून ते नव्हतंच, असं
मी एकोणीस वर्षं शिकवत आलेय.

घळीत दोन दगडांमध्ये पाय अडकलेली
एक तरणी मेंढी. ओरडून ओरडून घसा बसलेली.
बाबांनी तिला खांद्यावर घेतलं.
बोम्बोरानं तिचा कान एकदा चाटला, वळली,
घरी येऊन गार झालेली पेज खाल्ली.

आता दोनशे तेरा.
सकाळी उलगडलं: शेजारच्या लागाझाची एक,
ढुंगणावर निळा पट्टा असलेली,
आमच्यात मिसळून आली होती.
आकडा भरला होता, कळप भरला नव्हता.

मुकं जनावर, म्हणतात.
गावात कुणी कुणी बाबांनाही म्हणतं,
त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

चुलीपाशी बसून मी विचारलं,
तिच्या डोक्यात काय होतं हो?
ती मेंढी? की मेंढी नसणं?
तुम्हाला तरी कसं कळलं?

बराच वेळ गेला. ओठ हलले, काही जुळेना.
मग त्यांनी बोट उचललं,
थरथरतं, उजव्या हाताचं, जे आता धड वळतही नाही,
आणि कोपऱ्यातल्या तिपाईकडे नेलं,
आई जिच्यावर बसून लोकर विंचरायची.
तिथेच धरून ठेवलं.

काही बोलले नाहीत.
आरासुद्धा नाही.